काळी चार, पांढरी चार

"यातली काळी चार कुठली गं?" शरयूताईंनी विचारलं.

"या चारी काळ्याच आहेत की ताई," मी म्हणाले. "आणि खालच्या चारी पांढऱ्या. अगदी सांगितल्याप्रमाणे!"

माझ्या मागे इम्तियाज उभा होता. त्याच्या तोंडून सायकलची हवा सोडल्यासारखा आवाज आला. शरयूताई आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग टेबलावरच्या त्या आठ बटणांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी नुकतंच वरचं फडकं मोठ्या झोकात ओढून काढलं होतं आणि कौतुकाची वाट बघत होते.

"हर्षदा," इम्तियाज म्हणाला, "काळी चार म्हंजे सूर असतो गं. पेटीवरची चौथी काळी पट्टी. ताईंचं गाणं त्या पट्टीत. आवाज बसला असंल त्या दिवशी खाली पांढरी चारला यायचं. दोन बटणं सांगितली होती मी तुला. दोन!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण वर्कशॉपची फरशी सिमेंटची होती.

हे सगळं रामनवमीच्या आदल्या दुपारी घडलं. दुसऱ्या दिवशी रामजन्माचं कीर्तन होतं, आणि आमच्या त्या पेटाऱ्यावाचून ते होणार नव्हतं.

आता मी कोण, ते सांगते. कुपवाडच्या एमआयडीसीत माझ्या वडिलांचं कंट्रोल पॅनेल बनवायचं वर्कशॉप होतं. पिठाच्या गिरण्या, गुऱ्हाळं, हळद पॉलिश करायच्या मिल, यांना लागणारी चालू-बंदची पेटी आमच्याकडे तयार व्हायची. डिप्लोमा करून मी तिथेच हाताखाली लागले होते. पत्रा कसा वाकवायचा, बटण कुठे बसवायचं, धूळ आत कशी जाऊ द्यायची नाही, यात मला खरोखर गोडी होती. गाण्यात मात्र मी औरंगजेब. आरतीला टाळ हातात दिला तर शेजारचे सरकून उभे राहायचे.

इम्तियाज सतारमेकर माझ्या वर्गातला. मिरजेत त्याच्या घरी पिढ्यान्पिढ्या सतारी आणि तंबोरे बनतात. हा पठ्ठ्या भोपळे आणि तारा सोडून इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरला. त्याने एक सर्किट तयार केलं होतं. त्यातून तंबोरा वाजायचा, गाण्यामागे भरणीला धरायचा पेटीचा सूर यायचा, तबल्याचे ठेके यायचे. ऐकून त्याचे आजोबासुद्धा "बरं आहे" म्हणाले होते, आणि त्या घरात याहून मोठी पदवी नाही.

शरयूताई बिवलकर त्याच्याकडे गेल्या त्या या सर्किटचं ऐकून. साठी उलटलेल्या, नऊवारीतल्या, आवाज खणखणीत. रामाच्या देवळातलं रामजन्माचं कीर्तन त्यांच्या आईचं होतं, आईनंतर त्यांचं. पण आदल्या वर्षी ऐन पाळण्याच्या वेळी साथ विस्कटली, बेसूर झालं, लोक हसले. म्हणून देवस्थानचे सेक्रेटरी गणपुले त्यांना म्हणाले होते, "ताई, यंदा पेटी-तबलावाले आम्ही देतो. नाही म्हणत असाल तर शेवटची संधी समजा. पुन्हा विचका झाला तर सेवा दुसऱ्याकडे जाईल."

ताई नाही म्हणाल्या. म्हणाल्या, "साथ माझी मी आणीन." आणि त्या इम्तियाजकडे आल्या, की मला उभ्याउभ्या हाताने चालवता येईल असं काहीतरी करून दे.

मी त्यांना विचारलंही होतं, "मिरजेत पेटीवाल्यांना काय तोटा, ताई? एक सोडून दहा मिळतील."

"मिळतील की. पण माझी कथा कुठे वळते ते त्यांना काय ठाऊक?" एवढंच बोलून त्यांनी विषय बदलला.

सूर इम्तियाजचा आणि पेटी माझी, असं ठरलं. तेवढ्यात त्याच्या बहिणीचं लग्न हुबळीला निघालं. तिकडून त्याने फोन केला. मागे सनई-चौघडा, मध्ये खरखर. मला ऐकू आलं ते एवढं: "काळी चार, पांढरी चार. ठेक्याला बाजूला एक बारका नॉब. बाकी तुझ्या मनानं कर."

माझ्या मनाने! आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला असं म्हणालं होतं. गिरणीवाले म्हणायचे, "मागच्यासारखंच द्या, फक्त स्वस्तात." मी कामाला लागले ती जेवणखाण विसरून. सोळा गेजचा पत्रा घेतला, कडा आतून दुमडल्या, कोपरे कानशीने इतके घासले की पदर अडकायला नको. खाली रबराचे पाय बसवले, म्हणजे फरशीवरून सरकायला नको. रंग मोरपंखी. आणि बटणं? छोटी, टिकलीएवढी बटणं मला कधीच आवडली नाहीत. प्रेस मशीनवर असतात ना, अळंबीच्या छत्रीसारखी, तळहाताने दाबायची, तसली मी निवडली. काळी मिळाली, पांढरी मुंबईहून मागवली. त्यांचा 'खट्ट' असा आवाज यायचा. भर कीर्तनात तो कसा चालेल? म्हणून सायकलच्या ट्यूबचे वायसर कापून प्रत्येकाच्या बुडाशी घातले. मग नुसतं 'धप्' व्हायला लागलं, गादीवर उशी टाकल्यासारखं. ते ऐकून मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

वर चार काळी, खाली चार पांढरी. असा देखणा पेटारा कुपवाडमध्ये तोवर झाला नव्हता. करायला गेले एक आणि झालं भलतंच, हे मला त्या दुपारपर्यंत कळलं नाही.

तर त्या दुपारी मी मान खाली घालून उभी होते. शरयूताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, मग पांढरी एक, काळी पाच असं सांगितलं असतं तर?"

"सहा बसवली असती," इम्तियाज म्हणाला. "एक पांढरं, पाच काळी. देवाची दया म्हणायची."

ताईंबरोबर एक म्हातारे गृहस्थ आले होते. उंच, शिडशिडीत, धोतर आणि कोट. भर चैत्रात खांद्यावरून उपरणं घेऊन दोन्ही हात त्यांनी त्यात गुंडाळून ठेवले होते. "हे दामूअण्णा सहस्रबुद्धे," ताईंनी ओळख करून दिली होती. "पूर्वी माझ्या पेटीवर असायचे." 'पूर्वी' ऐकल्यावर दामूअण्णा खिडकीबाहेर बघायला लागले होते. मी चहा पुढे केला तर "नको, आत्ताच झालाय" म्हणाले. ताईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

आता तेच दामूअण्णा पहिल्यांदा बोलले. "सहा बटणं उरतात. ठेके किती आहेत रे तुझ्याकडे?"

"चार हाईत अण्णा," इम्तियाज म्हणाला. "भजनी, धुमाळी, केरवा, दादरा. नॉबवर ठेवलेत."

"नॉब कुठाय?"

मी बाजूचा नॉब दाखवला. हरभऱ्याएवढा होता. दामूअण्णांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "हातात झांज धरून हा फिरवायचा? डोळ्यांनी बघून? कथा सुटेल ना."

इम्तियाजने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. दोघांच्या डोक्यात एकदमच ट्यूब पेटली.

"चारही ठेके बटणांवर!" मी ओरडले.

"एक बंद करायला!"

"दोन सुरांची. झाली सात!"

"आणि आठवं?"

"आठवं राहू दे रिकामं," मी म्हणाले. "त्याला कुणी हात लावू नका म्हणजे झालं."

इम्तियाजने हुबळीहून एसटीतून आणलेली पिशवी तिथेच कोपऱ्यात टाकली आणि सोल्डरिंग गन तापवायला लावली. मी वायरी सोलायला बसले. सांगते, तसा आनंद मला पुन्हा फार थोड्या वेळा झाला. चूक माझी, लाज माझी, आणि तिच्यातूनच जे निघत होतं ते ठरवून केलं असतं तर सुचलं नसतं!

ताई मात्र जायचं नाव घेईनात. बटणांवरून तळहात फिरवत होत्या.

"हे जरा जोरात मारलं तर?"

"हातोड्याने मारा, ताई. हळदीच्या मिलमध्ये असलीच बटणं असतात. माणसं वैतागली की बुक्क्याच मारतात."

"आणि हात थरथरत असला तर?"

मला वाटलं, बिचाऱ्यांना उद्याची धास्ती वाटतेय. "थरथरू दे. एवढं मोठं बटण आहे, चुकायचं नाही."

"तसं नाही गं. एकदा मारायला जावं आणि दोन-तीनदा लागलं, तर? ठेका चालू होऊन पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून?"

इम्तियाजने गन खाली ठेवली. प्रश्न खरा होता. त्याने थोडा विचार केला आणि खिशातून दोन-चार कपॅसिटर काढले. "एकदा लागलं की पुढचा सेकंदभर बटण बहिरं. कितीबी मारा, ऐकणारच नाही. मग झालं?"

"मग झालं," ताई म्हणाल्या. त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आणि हे उभ्याने नको. खाली ठेवता येईल ना? मांडी घालून बसल्यावर हाताशी येईल असं?"

"पण तुम्ही तर उभ्या राहून..."

"ते माझं मी बघते," त्या म्हणाल्या, आणि दामूअण्णांना घेऊन रिक्षात बसल्या.

दिवेलागणीला सगळं जोडून झालं. इम्तियाजने एकेक बटण मारून पाहिलं, आठवं सोडून. सात वाजता सात सूर नव्हे, पण सात गोष्टी न चुकता वाजल्या. मी त्याला म्हटलं, घरी जा आता, तुझ्या अंगाला अजून लग्नाच्या हळदीचा वास येतोय.

रामनवमीला सकाळी आम्ही पेटारा रिक्षातून देवळात नेला. उचलताना कंबर आठवली, पण वजन मी मुद्दामच ठेवलं होतं. सभामंडप भरत आला होता. पाळणा फुलांनी मढवलेला, बायका पुढे, पुरुष मागे, उकाडा मी म्हणत होता. गणपुले सेक्रेटरी आमच्या पेटाऱ्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आले.

"हे काय? गिरणीचा स्विच?"

"थोडाफार तसाच, काका," मी म्हणाले.

"बघा हं. बाराला जन्म. बाराला एक मिनिट इकडेतिकडे चालणार नाही. आणि यंत्र अडकलं तर मला सांगायचं नाही की वायर निघाली."

मी पेटारा ताईंच्या उजव्या हाताला ठेवायला निघाले, तर त्यांनी मला थांबवलं. कीर्तनकाराच्या मागे डाव्या अंगाला पेटीवाल्याची बैठक असते. तिथे एक जुनी सतरंजी घातलेली होती, रिकामी.

"तिथे ठेव," ताई म्हणाल्या.

"पण तुमचा हात तिथे कसा पोचणार?"

ताईंचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्या पुरुषांच्या गर्दीकडे बघत होत्या. मागच्या खांबाला टेकून दामूअण्णा बसले होते, उपरण्यात हात गुंडाळून.

"दामूअण्णा," त्यांनी हाक मारली. आवाज सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असाच लावला होता. "वेळ झाली. बसा की जागेवर."

मंडपात कुजबूज झाली. दामूअण्णा हलले नाहीत. गणपुले लगबगीने पुढे आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, अहो, मागच्या वर्षीचं विसरलात? त्यांच्या हातांना कंप आहे. पट्ट्यांवर बोटं ठरत नाहीत. म्हणून तर आम्ही..."

"म्हणून तर मी हे करून घेतलं," ताई म्हणाल्या. "दुसरा पेटीवाला आणला असता तर तो त्यांच्या जागेवर बसला असता. मला तिथे दुसरा माणूस नकोय, गणपुले."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. न घेतलेला चहा, थरथरणारा हात, मांडी घालून बसल्यावर हाताशी येणारा पेटारा. अळंबीएवढ्या बटणांवरून ताई तळहात का फिरवत होत्या, ते आत्ता कळलं. मी इम्तियाजचा दंड इतक्या जोरात धरला की तो "आई गं!" म्हणाला.

दामूअण्णा उठले. सावकाश चालत आले, सतरंजीवर बसले आणि सगळ्यांदेखत उपरण्यातून हात बाहेर काढले. हात वाऱ्यातल्या पानासारखे हलत होते. मागून कुणीतरी खोकलं. दामूअण्णांनी उजवा हात उचलला आणि वरच्या रांगेतल्या पहिल्या काळ्या बटणावर आणला. तळहात दोनदा, तीनदा लागला.

बटणाने एकदाच ऐकलं. तंबोरा लागला, काळी चार.

ताईंनी नमन सुरू केलं. नमनाला घडाभर तेल म्हणतात, पण मला ते संपूच नये असं वाटत होतं. दामूअण्णा डोळे मिटून बसले होते. ताई बोलता बोलता श्वास घ्यायच्या आणि त्या श्वासावरूनच अण्णांना कळायचं की आता अभंग येणार. 'धप्.' ठेका तयार! ताईंनी मागे वळून पाहिलं नाही, खूण केली नाही. भजनीवरून धुमाळी, धुमाळीवरून केरवा. कौसल्येच्या डोहाळ्यांपाशी त्यांनी गोष्ट अचानक थांबवली, तर ठेकाही त्याच क्षणी थांबला. बायका "वा!" म्हणाल्या. गणपुल्यांनी घड्याळावरची नजर काढली ती पुन्हा लावलीच नाही.

बारा वाजत आले. ताईंचा आवाज दीड तास खर्ची पडला होता. वरच्या सुरावर तो दोनदा फाटला. मला गाण्यातलं कळत नाही, पण फाटलेलं कळतं. आता पाळणा होता, सगळ्या मंडपाने म्हणायचा. मागच्या वर्षी घोटाळा झाला तो इथेच. ताई मानी, खाली उतरा असं त्यांना कोण सांगणार? इम्तियाज ओठ चावत पुटपुटला, "पांढरी चार, ताई, पांढरी चार..." पण बटण ताईंच्या हाताशी नव्हतंच.

घंटा झाली. गुलाल उडाला, फुलं उडाली, "सियावर रामचंद्र की जय" झालं. माझा मोरपंखी पेटारा क्षणात लालभडक झाला. गुलाल बटणांच्या फटीफटीत बसला. हळदीच्या मिलमधली धूळ ज्याने आत जाऊ दिली नाही ते रबर आज गुलालाला अडवतंय का, या विचाराने मी पुढे वाकून बघायला लागले. त्या लाल धुरातून दामूअण्णांचा थरथरता हात खाली आला, खालच्या रांगेत, पांढऱ्यावर.

सूर खाली उतरला. ताईंची मान किंचित वळली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांनी दामूअण्णांकडे पाहिलं. अण्णांनी डोळे उघडलेच नाहीत. ताई हसल्या आणि त्या सुरात पाळणा धरला. आवाज काय भरून आला! सगळा मंडप त्यांच्यामागे गाऊ लागला. मीसुद्धा गायले, आणि शेजारची बाई सरकली नाही.

शेवटच्या गजराला तर दामूअण्णांना भानच राहिलं नाही. ठेका चालूच होता, त्यांचा डावा हात मोकळा. त्यांनी तो आठव्या बटणावर टाकला. त्याला वायरच नव्हती. नुसता पत्रा घुमला. धप्, धप्, धप्. पखवाज वाजावा तसा त्यांनी तो पत्रा वाजवला. हात थरथरत होता तो आता तालातच थरथरतोय असं वाटायला लागलं. खरं सांगते, मी रडत होते आणि हसत होते.

कीर्तन संपल्यावर सुंठवडा वाटला. दामूअण्णांनी हात पुढे केला. निम्मा सुंठवडा सतरंजीवर सांडला. त्यांनी उपरणं जवळ ओढलं नाही. उरलेला सावकाश खाल्ला आणि बोटं चाटली. गणपुले समोर उभे होते. पेटाऱ्यावरचा गुलाल ते बोटाने पुसत राहिले.

"यंत्र... बरं चाललं की, अण्णा," ते शेवटी म्हणाले.

"यंत्राचं काय," दामूअण्णा म्हणाले. मग इम्तियाजकडे वळले, जुन्या पेटीवाल्याच्या तिरसटपणाने. "काळी चार केसभर उतरलीय रे तुझी. पांढरी ठीक आहे. पुढच्या वर्षी असलं मला चालायचं नाही."

मी गणपुल्यांकडे पाहिलं. त्यांनी घसा खाकरला. "ऐकलंस ना रे?" ते इम्तियाजला म्हणाले. "पुढच्या वर्षी नीट लावून आण."

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. त्या दिवशी पेटारा घेऊन परतताना इम्तियाज वाटेत सारखा कुरकुरत होता. त्याने स्वतः सूर लावला होता, म्हातारबुवांचे कान आता गेले असणार, केसभर कुणाला कळतंय! घरी पोचल्यावर चप्पल न काढता त्याने आजोबांचा सूर तपासायचा सुरकाटा घेतला आणि पेटाऱ्याशी लावून ऐकला. आजोबाही कान देऊन ऐकत होते.

उतरलेलीच होती. केसभर.